दात घडवणाऱ्या जनुकाची उलटी प्रत पेशी का बनवते?

पुण्यात बायोटेक्नॉलॉजीच्या एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. त्याच्या घरी वडील, आत्या आणि तो स्वतः, तिघांनाही खालच्या जबड्यातल्या दुसऱ्या उपदाढा आल्याच नाहीत. ओपीजीमध्ये, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये, दाताची कळीसुद्धा दिसत नाही. एमएसएक्स-१ या जनुकाची तपासणी करून घेतली, तर रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला. नंतर वाचनात आलं की याच जनुकाची एक उलटी प्रत, म्हणजे अँटिसेन्स आरएनए, पेशी स्वतःच तयार करते. मग तो विचारतो: जे जनुक दात घडायला हवं, त्याच्याच विरोधातला आरएनए पेशी का बनवते? आमच्या घरच्या न आलेल्या दातांमागे हे कारण असेल का? आणि माझ्या प्रोजेक्टमध्ये दाताच्या पल्पमधल्या (आतल्या मऊ गरातल्या) पेशींवर मला हे तपासता येईल का?

मी मूळची दंतवैद्य. पुढे ओरल पॅथॉलॉजी केलं आणि गेली अनेक वर्षं दातांच्या विकासावर प्रयोगशाळेत काम करते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं त्यावरच उभं आहे. एमएसएक्स-१ हे योग्य वेळी कमी व्हावं लागतं, आणि असतं तेव्हाही ठरावीक मापातच असावं लागतं. अँटिसेन्स आरएनए ते माप सांभाळतो. तो जनुकाचा शत्रू नाही, त्याच्याच कारभाराचा भाग आहे.

माप इतकं महत्त्वाचं का, हे आधी बघू. गर्भात साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास जबड्याच्या कडेचं वरचं अस्तर जाड होतं, खाली मेसेंकाइमच्या, म्हणजे गर्भातल्या न्यूरल क्रेस्ट या भागातून आलेल्या, अजून पक्कं रूप न घेतलेल्या पेशी गोळा होतात आणि दोन्ही थरांत संदेशांची देवघेव सुरू होते. वरचा थर बीएमपी-४ हे संदेश देणारं प्रथिन पाठवतो, त्यामुळे खालच्या थरात एमएसएक्स-१ चालू होतं, आणि एमएसएक्स-१च्या जोरावर खालचा थर स्वतः बीएमपी-४ बनवून परत वर पाठवतो. ही साखळी चालली तरच दात कळीच्या अवस्थेतून टोपीच्या आणि पुढे घंटेच्या अवस्थेत जातो. १९९४ मध्ये ज्या उंदरांतून हे जनुक पूर्ण काढून टाकलं, त्यांच्या दाढा कळीच्या अवस्थेतच थांबल्या आणि टाळूही दुभंगलेली राहिली. पुढे अशा थांबलेल्या कळ्यांना बाहेरून बीएमपी-४ दिल्यावर त्यातल्या काही पुढे सरकल्या. कमतरता नेमकी कुठे होती, ते त्यातून दिसलं.

पण एमएसएक्स-१चं दुसरं काम तितकंच महत्त्वाचं आहे, आणि शिकवताना ते बहुतेक वेळा निसटतं. या जनुकापासून बनणारं प्रथिन पेशीला विभाजन करत ठेवतं, तिला पक्कं रूप घेऊ देत नाही. दाताची कळी वाढत असताना हे हवंच, कारण पेशींची संख्या वाढायला हवी. पण एक दिवस त्याच पेशीला ओडोंटोब्लास्ट होऊन डेंटीन, म्हणजे दाताचा आतला कठीण थर, घालायचं असतं, किंवा ऑस्टिओब्लास्ट होऊन हाड घालायचं असतं. तेव्हा एमएसएक्स-१ तिथेच ठाण मांडून बसलं तर काम अडतं. हाडाच्या पेशी घडवणारं मुख्य जनुक म्हणजे रंक्स-२. जुन्या लेखांत ते सीबीएफए-१ या नावाने सापडेल. एमएसएक्स-१ या रंक्स-२ला दाबतं. म्हणजे सुरुवातीला भरपूर आणि नंतर कमी, असा हा मामला आहे.

माणसात हे माप किती नाजूक आहे, ते तुमच्यासारख्या घरांमुळेच कळलं. १९९६ मध्ये एका कुटुंबाचा अभ्यास झाला. त्यांच्या दुसऱ्या उपदाढा आणि अक्कलदाढा नव्हत्या. आई-वडिलांकडून मिळालेल्या एमएसएक्स-१च्या दोन प्रतींपैकी एकीत, डीएनएला धरणाऱ्या भागात, फक्त एक अमिनो आम्ल बदललेलं निघालं. दुसरी प्रत चांगली होती. बदललेलं प्रथिन काम करत नव्हतं, म्हणजे त्या माणसांना निम्म्या मापावर भागवावं लागत होतं. टाळू नीट जुळली, बाकीचे बहुतेक दात आले, पण ठरावीक दात निम्म्या मापात निभले नाहीत. गंमत म्हणजे एकच प्रत असलेल्या उंदराचे दात व्यवस्थित येतात. निम्मं माप उंदराला पुरतं, माणसाला पुरत नाही.

संबंधित जनुकांतही हेच दिसतं. एमएसएक्स-२ची पकड एका बदलामुळे वाढली तर कवटीचे सांधे वेळेआधी जुळतात, आणि त्याचं काम कमी पडलं तर कवटीच्या वरच्या हाडांत भोकं राहतात. रंक्स-२ची एक प्रत बिघडली तर गळ्याजवळची हासळीची हाडं अपुरी राहतात आणि दात मात्र जास्तीचे येतात, तेही उशिरा, वेडेवाकडे. एका जनुकाचं माप घटलं की दात गायब, दुसऱ्याचं घटलं की दात जास्त. त्यामुळे जनुक आहे की नाही एवढं विचारून दात आणि हाडांच्या बाबतीत काही हाती लागत नाही.

आता उलट्या प्रतीकडे वळू. डीएनएचे दोन धागे. एका धाग्यावरून जनुक वाचलं की प्रथिनाचा निरोप असलेला सेन्स आरएनए मिळतो. त्याच जागेवर समोरचा धागा उलट दिशेने वाचला गेला तर जो आरएनए मिळतो तो पहिल्याला अक्षराला अक्षर जुळणारा असतो. हा नैसर्गिक अँटिसेन्स. तो सहसा प्रथिन बनवत नाही. मायक्रोआरएनए, ज्याच्या शोधासाठी २०२४चं नोबेल मिळालं, तो वेगळा: तो जेमतेम बावीसेक अक्षरांचा असतो आणि बहुधा दुसऱ्याच ठिकाणाहून येऊन अनेक जनुकांवर काम करतो. नैसर्गिक अँटिसेन्स लांबलचक असतो आणि आपल्या समोरच्या जनुकाशी बांधलेला असतो.

तो काम कसा करतो, याचं एकच उत्तर नाही. कधी दोन्ही बाजूंनी वाचन करणारी यंत्रं एकाच पट्ट्यावर समोरासमोर येतात आणि वाचनच अडतं. कधी त्या जागेच्या डीएनएवर मिथाइलचे शिक्के बसतात आणि जनुक कायमचं मिटतं. कधी दोन आरएनए एकमेकांना चिकटतात आणि निरोप लवकर नष्ट होतो. उलटही होतं: अल्झायमरशी संबंधित बेस-१ जनुकाचा अँटिसेन्स आपल्या सेन्स आरएनएला जास्त टिकवतो. म्हणून ‘अँटिसेन्स म्हणजे जनुक बंद’ हे समीकरण परीक्षेतही लिहू नका.

एमएसएक्स-१ची उलटी प्रत पॅरिसमधल्या आरियान बेर्दाल यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवली. छोटा उंदीर (माउस), मोठा उंदीर (रॅट) आणि माणूस, तिघांतही ती सापडली. मला त्या कामातला एक मुद्दा फार मोलाचा वाटतो: तिची सुरुवात जिथून होते ती जागा उंदरात आणि माणसात एकच निघाली, आणि तिथे टाटा बॉक्स आहे, म्हणजे वाचन सुरू करण्याची रीतसर खूण. वाचन करणारं यंत्र चुकून मागे घसरलं आणि कचरा तयार झाला, अशी शंका अशा प्रत्येक आरएनएबद्दल घेतली जाते आणि घ्यायलाच हवी. पण स्वतःची सुरुवात असलेला आणि इतका काळ टिकलेला आरएनए कचरा म्हणून टाकून देता येत नाही.

त्याच अभ्यासात पक्कं रूप घेतलेल्या दाताच्या आणि हाडाच्या पेशींत चित्र असं दिसलं, की उलटी प्रत असते तिथे एमएसएक्स-१चं प्रथिन कमी असतं. डीएलएक्स-५ हे आणखी एक जनुक पेशीत वाढवलं तर उलटी प्रत नाहीशीच झाली. चित्र अगदी नीटस होतं: प्रथिन आधी, उलटी प्रत नंतर, आणि ती आली की प्रथिन जातं. मी स्वतः वर्गात पुष्कळ दिवस ते तसंच शिकवत असे, कारण त्या वेळी हाती तेवढंच होतं. पण २००५ मध्ये उंदराच्या साडेनऊ दिवसांच्या गर्भापासून जन्मापर्यंत पाहिलं, तेव्हा उलटी प्रत पटाशीच्या दातांची आणि दाढांची जागा ठरते त्या सुरुवातीच्या काळातही दिसली, आणि ती कुठे दिसणार हे वरच्या आणि खालच्या थरांची देवघेवच ठरवत होती. २००९ मध्ये तर प्रौढ उंदराच्या तपासलेल्या सगळ्या अवयवांत दोन्ही प्रती एकत्र नांदताना आढळल्या.

२००९च्या त्या कामाने गाठ सोडवली, असं माझं मत आहे. उंदराच्या ओडोंटोब्लास्ट पेशींत उलटी प्रत बाहेरून वाढवली, तर सुलट निरोप, म्हणजे सेन्स आरएनए, कमी झाला. बाहेरून घातलेला आरएनए मूळ जनुकाच्या पट्ट्यावर वाचला जात नसतो, त्यामुळे इथे दोन यंत्रं समोरासमोर येण्याचा प्रश्नच नाही. निरोप तयार झाल्यानंतर त्याच्यावर काहीतरी होतंय. आणि मग उलट प्रयोग: एमएसएक्स-१ वाढवलं, तर उलटी प्रत वाढली. म्हणजे प्रथिन वाढलं की ते स्वतःच आपली उलटी प्रत वाढवतं, आणि ती प्रत सुलट निरोप घटवते. खडकवासल्यात पाणी चढलं की मुठेतला विसर्ग वाढवतात आणि पातळी उतरली की कमी करतात, तसं. दरवाजा उघडा आहे आणि धरणात पाणीही आहे, यात कुणाला विसंगती वाटत नाही. दोन्ही प्रती एकाच पेशीत का सापडतात, याचं उत्तर यात आहे. हे चालू-बंद करणारं बटण नाही, पातळी राखणारी व्यवस्था आहे. पेशी पक्कं रूप घ्यायला लागते तेव्हा हीच व्यवस्था खालच्या पातळीवर स्थिरावते, रंक्स-२वरचा दाब उठतो आणि डेंटीन किंवा हाड घालायला सुरुवात होते.

इतकी वर्षं हे कुणाला दिसलं कसं नाही, असं तुम्ही विचाराल. दिसत होतं. ऊतीच्या पातळ कापात एखादा आरएनए कुठे आहे हे बघायला त्याला जुळणारा रंगीत प्रोब वापरतात. सुलट निरोप शोधायचा तर प्रोब उलटा हवा. आणि नियंत्रण म्हणून, म्हणजे काहीच चिकटू नये म्हणून, सुलट प्रोब वापरायची पद्धत होती, अजूनही आहे. पण सुलट प्रोब उलट्या आरएनएला चिकटतो! नियंत्रणाच्या काचपट्टीवर रंग आला की ‘पार्श्वभूमी जास्त आली’ म्हणून धुण्याचं तापमान वाढवायचं आणि रंग जाईपर्यंत धूत राहायचं, हा शिरस्ता. तो रंग ओडोंटोब्लास्टच्या एकाच ओळीत स्वच्छ बसलेला असेल आणि शेजारचा पल्प कोरा असेल, तर तो पार्श्वभूमीचा रंग असूच शकत नाही. डाग इतका शिस्तीत पडत नाही. तुमच्या मार्गदर्शकांकडे जुन्या काचपट्ट्या असतील तर मागून घ्या आणि नियंत्रणाच्या पट्ट्या आधी बघा.

आता तुमच्या घरचं. न आलेल्या उपदाढांचं खापर मी अँटिसेन्सवर फोडणार नाही, निदान आधी तरी नाही. ‘एमएसएक्स-१ नॉर्मल’ या रिपोर्टचा अर्थ बहुधा एवढाच असतो की प्रथिनाचा मजकूर असलेले जनुकाचे दोन तुकडे वाचले आणि अक्षरं बरोबर निघाली. एक अख्खी प्रतच गायब असेल तर साध्या सिक्वेन्सिंगमध्ये उरलेली प्रत वाचली जाते आणि सगळं ठीक दिसतं. प्रती मोजणारी वेगळी चाचणी झाली का, ते विचारा. मग दुसरी जनुकं आहेत: पॅक्स-९ मध्ये बिघाड असेल तर मुख्यतः दाढा जातात, दात कमी असलेल्या बऱ्याच लोकांत डब्ल्यूएनटी-१०-ए मध्ये बिघाड सापडतो. घरातल्या कुणाचे केस विरळ असतील, घाम येत नसेल, नखं पातळ किंवा खोलगट असतील तर ते दंतवैद्यांना आवर्जून सांगा, कारण त्यावरून शोधाची दिशा बदलते. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. अ‍ॅक्सिन-२ या जनुकाच्या बिघाडात पुष्कळ दात नसणं आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग या दोन्ही गोष्टी एकाच घरात आढळल्या आहेत. एखाद-दुसरी उपदाढ नसली तर घाबरायचं कारण नाही. पण कुटुंबात सहा-सात किंवा जास्त दात नसलेलं कुणी असेल आणि आतड्याच्या कर्करोगाचा इतिहासही असेल, तर जनुकतज्ज्ञांना भेटायला वेळ लावू नका.

जनुकाची अक्षरं शाबूत असताना केवळ उलट्या आरएनएमुळे आजार होऊ शकतो, हे मात्र माणसात सिद्ध झालेलं आहे. उदाहरण दाताचं नाही, रक्ताचं आहे. २००३ मध्ये अल्फा थॅलॅसेमियाच्या एका रुग्णात शेजारच्या डीएनएचा तुकडा गळाल्यामुळे एका वेगळ्या जनुकाचं वाचन पुढे घसरत अल्फा ग्लोबिनच्या जनुकावर उलट दिशेने जात होतं. ते ग्लोबिन जनुक पूर्ण शाबूत होतं, पण त्यावर मिथाइलचे शिक्के बसले आणि ते गप्प झालं. म्हणून तुमचा प्रश्न अजिबात भाबडा नाही.

तरी तुमच्या बाबतीत तो रक्ततपासणीने सुटणार नाही, यामागचं कारण समजून घ्या. खालच्या दुसऱ्या उपदाढेत खनिज भरायला साधारण दोन-अडीच वर्षांच्या वयात सुरुवात होते, म्हणजे तिची कळी त्याच्याही आधी घडलेली असते. तुमच्या जबड्यात जे घडलं किंवा घडलं नाही, ते तेव्हा, त्या मूठभर पेशींत. तो आरएनए आज कुठेच नाही. डीएनए आयुष्यभर तोच राहतो, म्हणून त्याची तपासणी कधीही करता येते. आरएनएचं तसं नाही. उंदराचाही उपयोग मर्यादित, कारण उंदराला उपदाढाच नसतात आणि दुधाचे दात पडून दुसरे येण्याचा प्रकारही नसतो.

प्रोजेक्टमध्ये मात्र तुम्हाला भरपूर करता येईल, फक्त प्रश्न बदला. घरच्या दातांचं कारण शोधू नका. पल्पच्या पेशी ओडोंटोब्लास्टसारख्या होत जातात तेव्हा एमएसएक्स-१च्या दोन्ही प्रतींचं प्रमाण कसं बदलतं, हे मोजा. काढलेल्या अक्कलदाढा पुण्यात मिळायला अडचण नाही. रुग्णाची लेखी संमती आणि एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या. दाढ दवाखान्यातच निर्जंतुक पद्धतीने फोडून पल्प लगेच बर्फावरच्या माध्यमात टाकायची व्यवस्था करा. एप्रिल-मेच्या दुपारी कोथरूडहून पाषाणला स्कूटरवर अख्खी दाढ डबीत घालून आणली, तर पेशी जगतील की नाही याची शाश्वती नाही आणि आरएनए तर खात्रीने बिघडलेला असेल.

पेशी वाढल्यावर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट, अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आणि डेक्सामेथासोन घालून त्यांना खनिज घालायला लावतात. सुरुवातीला आणि नंतर दर आठवड्याला तीन आठवड्यांपर्यंत आरएनए काढा, सोबत अ‍ॅलिझारिन रेडने खनिज रंगवा. रंक्स-२ आणि डीएसपीपी (डेंटीनच्या प्रथिनाचं जनुक) हेही मोजा, नाहीतर पेशी खरंच पुढे सरकल्या का ते कळणार नाही.

खरी कसोटी दोन धाग्यांतला फरक राखण्यात आहे. बहुतेक किटमध्ये ऑलिगो-डीटी किंवा रँडम प्रायमर (प्रत उतरवायला सुरुवात करून देणारे छोटे तुकडे) असतात. त्यांनी सीडीएनए, म्हणजे आरएनएवरून उतरवलेला डीएनए, केला की सुलट-उलट एकत्र होऊन जातं आणि नंतर कुठलीही युक्ती ते वेगळं करू शकत नाही. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे ही उतरवण्याची पायरी, एकाच प्रायमरने करायचं, जो फक्त उलट्या प्रतीला चिकटेल. दुसऱ्या नळीत फक्त सुलट प्रतीचा. इथे एक सापळा आहे. प्रायमर अजिबात न घालता नळी चालवली तरी सिग्नल येतो, कारण आरएनएचं टोक स्वतःवरच दुमडून किंवा सुटे तुकडे चिकटून प्रायमरचं काम करतात. म्हणून प्रायमरविना एक नळी प्रत्येक नमुन्यासोबत हवीच. प्रायमरच्या मागे मानवी जीनोममध्ये नसलेली पंधरा-वीस अक्षरांची शेपटी जोडा आणि पीसीआर त्या शेपटीवरून करा, म्हणजे आपोआप सुरू झालेले धागे वाढणार नाहीत. उष्णता सोसणारं एन्झाइम वापरून तापमान चढं ठेवा, अ‍ॅक्टिनोमायसिन-डी घाला म्हणजे दुसरा धागा बनणार नाही, आणि पीसीआरचे प्रायमर घालण्याआधी ते एन्झाइम तापवून निकामी करा. डीएनएज, म्हणजे डीएनए नष्ट करणारं एन्झाइम, वापरण्याची पायरीही टाळू नका. मूळ डीएनएत दोन्ही धागे असतातच, त्याचा अंश राहिला तर दोन्ही प्रती ‘सापडतील’. इंट्रॉन (निरोपातून कापला जाणारा जनुकाचा तुकडा) ओलांडणारे प्रायमर ही नेहमीची सोय उलट्या प्रतीला लागू होईल असं धरून चालू नका.

पुढे बजेट उरलं तर उलटी प्रत घटवून बघा. ती केंद्रकात असेल तर नेहमीचा एसआयआरएनए (आरएनए घटवणारा छोटा आरएनए) तिथे कमजोर पडतो. गॅपमर, म्हणजे मधे डीएनए असलेला कृत्रिम अँटिसेन्स तुकडा, चांगला; तो आरएनए कापणारं आरएनएज-एच हे एन्झाइम वापरून केंद्रकातही काम करतो. वर सांगितलेली पातळी राखणारी व्यवस्था माणसाच्या पल्पच्या पेशींतही चालत असेल, तर उलटी प्रत घटल्यावर एमएसएक्स-१ वाढायला हवं आणि खनिज उशिरा पडायला हवं. उलटं आलं तरी नोंदवा. बेस-१चं उदाहरण आहेच.

याच गॅपमरसारख्या कृत्रिम तुकड्यांवरून औषधं निघाली आहेत. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी या स्नायू क्षीण करणाऱ्या आनुवंशिक आजारावरच्या नुसिनर्सनला २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते पाठीच्या कण्यातून द्यावं लागतं आणि निरोपाची जोडणी सुधारतं. पण त्यावरून उद्या दवाखान्यात इंजेक्शन देऊन उपदाढ उगवेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जपानमध्ये २०२४ मध्ये दात उगवण्यासाठीच्या ज्या औषधाची माणसांवर चाचणी सुरू झाली, ते यूएसएजी-१ या प्रथिनाला अडवणारं प्रतिपिंड आहे, अँटिसेन्स नव्हे. तुमच्या उपदाढेच्या जागेचं काय करायचं, दुधाची दाढ टिकवायची, जागा बंद करायची की इम्प्लांट बसवायचं, हे ऑर्थोडोंटिस्टसोबत आत्ताच ठरवा. दुधाची दाढ अजून घट्ट असेल आणि तिची मुळं शाबूत असतील, तर ती काढायची घाई करू नका.

प्रायमर मागवण्याआधी एमएसएक्स-१चा नकाशा कागदावर काढा, दोन्ही धागे बाणांसहित, आणि प्रत्येक प्रायमर कुठल्या धाग्याला चिकटतो ते पेन्सिलने लिहून मार्गदर्शकांना दाखवा.